टीबी गोल्ड पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झाला असं नाही, आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलात असंही नाही

दिघ्यापासून कळव्यापर्यंत कुठेही जा, गोंधळ तोच. घरात एकाला टीबी निघतो, बाकीच्यांनीही तपासून घ्या असं सांगतात, आणि घरचे थेट जवळच्या लॅबमध्ये जाऊन काही हजार रुपये मोजून 'टीबी गोल्ड' ही रक्ताची टेस्ट करून येतात. मग त्या एका कागदावर सगळं ठरतं. पॉझिटिव्ह आला की रडारड, पोराची शाळा बंद, ताट-वाटी वेगळी. निगेटिव्ह आला की सगळे निर्धास्त, आणि घरात आजी महिनाभर खोकतेय तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. मी टीबी पेशंटच्या घरच्यांच्या तपासणीचंच काम करते आणि हे इतक्या वेळा बघितलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

टीबीचा आजार आणि टीबीचा संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही: दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, आणि साधा टीबी असेल तर सहा महिने गोळ्या.

संसर्गात काय होतं, तर जंतू श्वासातून आत गेलेला असतो पण शरीराने त्याला कोंडून ठेवलेलं असतं. तो जिवंत असतो, पण त्याची वाढ थांबलेली असते. माणसाला खोकला नाही, ताप नाही, एक्सरे साफ, बेडक्यात जंतू नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्यापासून दुसऱ्या कुणालाही लागण होत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं त्यात १५ वर्षांवरच्या जवळपास ३१ टक्के लोकांमध्ये हा संसर्ग सापडला. म्हणजे ठाणे स्टेशनवर लोकलच्या एका बाकावर तिघं बसले असतील तर त्यातल्या एकाचा टीबी गोल्ड पॉझिटिव्ह यायची चांगलीच शक्यता आहे, आणि तो रोज ऑफिसला जातोय, त्याला काहीही झालेलं नाही. अशा लोकांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के लोकांना पुढे आजार होतो. पण तो बहुतेक वेळा संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो, म्हणून पेशंटच्या घरातल्या माणसांची काळजी जास्त, कारण त्यांना लागण झाली असेल तर ती ताजी असते.

आता खरा घोळ कुठे होतो ते सांगते. टीबी गोल्ड ही टेस्ट जंतू शोधतच नाही. तुमचं रक्त घेतात, त्यात टीबीच्या जंतूची ठराविक प्रोटीन्स मिसळतात, आणि तुमच्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखून इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात का ते मोजतात. पेशींनी ओळखलं म्हणजे एवढंच कळलं की या शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. कधी पडली, जंतू आत्ता झोपलेला आहे की फुफ्फुस पोखरतोय, यातलं काहीही त्या आकड्यावरून कळत नाही. आकडा मोठा आला म्हणजे टीबी जास्त, हेही खोटं. हातावर टोचायची माँटू आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी, यांचंही उत्तर एवढंच.

आजार आहे का हे विचारायचं असेल तर छातीचा एक्सरे आणि बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. या टेस्ट बेडक्यात जंतूचा डीएनए शोधतात, आणि सोबत रिफाम्पिसिन हे औषध लागू पडणार की नाही तेही सांगतात. सरकारी केंद्रात फुकट होतात. बेडका मात्र खोलवरून खोकून काढलेला हवा, डबीत नुसती थुंकी भरून दिली तर टेस्ट वाया जाते.

म्हणून खोकला असलेल्या माणसाला टीबी आहे का बघायला टीबी गोल्ड लिहून दिली की माझं डोकं फिरतं. आजार असलेल्या काही लोकांमध्येही ती निगेटिव्ह येते, खासकरून प्रतिकारशक्ती खालावली असेल तर. म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी आजार सिद्ध होत नाही आणि निगेटिव्ह आली तरी तो नाही असं म्हणता येत नाही, आणि मधल्या काळात तो माणूस एका खोलीत पाच जणांसोबत झोपतोय.

घरच्यांची तपासणी करताना क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करायचा नाही. आधी प्रत्येकाला आजार नाही ना ते बघायचं, संसर्गाचा प्रश्न त्यानंतर. यामागे कारण आहे. नुसता संसर्ग असलेल्याला जे प्रतिबंधक औषध देतात त्याला टीपीटी म्हणतात, आणि ते एक तर आयसोनायझिड रोज सहा महिने, नाहीतर आयसोनायझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. आत कोंडलेल्या थोड्याशा जंतूंना ते पुरतं. पण आजार असलेल्याच्या फुफ्फुसात कोट्यवधी जंतू असतात, त्यांच्यावर एक-दोन औषधांचा मारा केला तर कच्चे मरतात आणि दाद न देणारे उरतात आणि वाढतात. पूर्ण आजाराला सुरुवातीचे दोन महिने चार औषधं देतात ती याचसाठी. लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवून 'प्रतिबंधक गोळ्या द्या' म्हणणाऱ्यांना आधी एक्सरे काढा म्हटलं की राग येतो, पण मी अडून बसते. 'मला तर काहीच त्रास नाही' हे उत्तर पुरेसं नाही, कारण त्याच सर्वेक्षणात सापडलेल्या पेशंटपैकी ४२.६ टक्के केवळ एक्सरेमुळे सापडले, लक्षणं विचारून ते सुटलेच असते.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर टीबी गोल्डची वाट बघायचीच नाही. घरात फुफ्फुसाचा टीबी आहे, मुलाला आजार नाही हे डॉक्टरांनी तपासून खात्री केली, की टीपीटी सुरू. लहान मुलांमध्ये संसर्गाचं रूपांतर आजारात व्हायला वेळ लागत नाही आणि मेंदूचा टीबी होण्याची भीती असते. बाळाला खोकला नसला तरी वजन वाढत नाहीये का, खेळणं कमी झालंय का, हे आईला विचारायचं. पाच वर्षांवरच्यांची संसर्गाची टेस्ट मिळत असेल तर करावी, पण टेस्ट मिळत नाही म्हणून टीपीटी अडवून ठेवायची नाही. राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलंय.

माँटू चांगली की टीबी गोल्ड चांगली यावर लोक तासभर वाद घालतात, मला त्यात फार रस नाही. माँटू लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, टीबी गोल्ड त्यामुळे येत नाही. माँटूला ४८ ते ७२ तासांत परत दाखवायला यावं लागतं, आणि लाली नाही मोजायची, हाताला लागणारा कडक फुगवटा मोजायचा. बास.

त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. एक, लागण झाल्यावर टेस्ट पॉझिटिव्ह यायला आठ-दहा आठवडे लागू शकतात, म्हणजे पप्पांचा टीबी काल कळला आणि आज पोराची टेस्ट निगेटिव्ह आली तर ते शेवटचं उत्तर धरू नका. दोन, एकदा पॉझिटिव्ह आलेली टेस्ट औषध पूर्ण केल्यावरही बहुतेक वेळा पॉझिटिव्हच राहते. कोर्स संपवून 'बरा झालो का बघू' म्हणून परत टीबी गोल्ड करणारे भेटतात आणि रिपोर्ट बघून हादरतात. करूच नका, त्यातून काही कळणार नाही.

आणि घरचे म्हणजे फक्त रेशनकार्डावरचे नाहीत. तुर्भ्याच्या एका खोलीत कंपनीतली सहा मुलं राहतात, शिफ्टप्रमाणे झोपतात, ती सगळी एकमेकांचे घरचेच आहेत. पेशंटचे उपचार सुरू व्हायच्या आधीच्या तीन महिन्यांत त्याच बंद जागेत रात्री झोपलेलं किंवा दिवसाचे बरेच तास काढलेलं कुणीही यात येतं, मग ती सांभाळणारी मावशी असो की रोज येणारा भाचा. नावं सांगताना लोक भाडेकरू आणि पाहुणे हमखास विसरतात, म्हणून मी 'घरात कोण कोण आहे' असं विचारत नाही, 'रात्री इथे कोण कोण झोपतं' असं विचारते.

टीपीटी सुरू करण्याआधी पेशंटचा सीबीनॅटचा रिपोर्ट सोबत न्या. त्याचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर घरच्यांसाठी वरच्या साध्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टर वेगळं ठरवतात. बाई गरोदर असेल, कुणाला कावीळ असेल किंवा रोज दारू असेल तर तेही आधीच सांगा. रिफापेंटिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून दुसरी सोय करा.

खाण्याचं तर कुणी विचारतच नाही. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला जास्तीचं धान्य-डाळ देऊन बघितलं, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, आणि त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ३९ टक्क्यांनी कमी निघालं. ताट-वाटी वेगळी करून काही मिळत नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही. ताटात डाळ जास्त वाढा, खिडकी उघडी ठेवा.

टेस्ट निगेटिव्ह आली, टीपीटी पूर्ण झाली, तरी पुढची दोन वर्षं घरातल्या कुणालाही दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, ताप आला, वजन उतरलं, की जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन बेडका द्या, एक्सरे काढा. टीबी गोल्ड नको.