अंश कुणी लिहिला, छेद कुणी लिहिला?

५ मेला अमेरिका-कॅनडात झाडांना, पुलांच्या कठड्यांना रिकामे लाल ड्रेस टांगतात, बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी बायका-मुलींची आठवण म्हणून. त्याचं एक रील आमच्या ग्रुपवर आलं आणि खाली लगेच एकाची कमेंट, "सरकारी डेटाबेसमध्ये तर फक्त ११६ नावं आहेत म्हणे, मग एवढं काय?" तेव्हापासून ते ११६ डोक्यातून जात नाहीये. माझं रोजचं कामच याद्या जुळवायचं आहे, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे माणूस नाही असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

आधी तो आकडा नीट बघू. सिएटलच्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटनं (तिकडे आदिवासींना 'इंडियन'ही म्हणतात) २०१८ मध्ये एक अहवाल काढला. त्यात आहे की २०१६ मध्ये पोलिसांच्या देशपातळीवरच्या यंत्रणेत आदिवासी बायका-मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ नोंदी होत्या आणि न्याय खात्याच्या नॅमस नावाच्या डेटाबेसमध्ये ११६. आता यातून वजाबाकी करून 'साडेपाच हजार बायका गायब' असेही फॉरवर्ड फिरतात, तेही चूक आहे हां, कारण ५,७१२ मध्ये नंतर सापडलेल्या खूपजणी येतात, आणि नॅमसमध्ये नोंद करायची तेव्हा बहुतेक राज्यांत पोलिसांवर सक्तीच नव्हती. दोन्ही याद्या वेगळं काहीतरी मोजतात. पण म्हणूनच ११६ वरून 'प्रश्न छोटा आहे' असंही म्हणता येत नाही.

हे बेपत्ता झालेल्यांचं झालं. मेलेल्यांच्या हिशोबात खरी गोम अपूर्णांकात आहे, शाळेतल्या अंश-छेदात. मृत्यूदर काढायचा तर वर मेलेल्यांची संख्या आणि खाली एकूण लोकसंख्या. खालचा आकडा येतो जनगणनेतून, म्हणजे बाई जिवंत असताना तिनं किंवा तिच्या घरच्यांनी सांगितलेला वंश. आणि वरचा? तो मृत्यूच्या दाखल्यातून येतो. तिकडे दाखल्यावरचा वंशाचा रकाना अंत्यविधीची व्यवस्था करणारा माणूस भरतो. त्यानं घरच्यांना विचारून भरायचा असतो, पण कधी घरचं कुणी समोर नसतं, कधी विचारायला अवघड वाटतं, मग चेहरा बघितला, आडनाव गार्सियासारखं स्पॅनिश दिसलं, की टिक पडते हिस्पॅनिकवर, रंग जरा उजळ असला की गोऱ्यांवर. म्हणजे एकाच बाईबद्दल एकच प्रश्न दोनदा विचारला गेला आणि उत्तरं दोन वेगळ्या माणसांनी दिली!

अमेरिकेच्या आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या २०१६ च्या तपासणीत आदिवासींच्या बाबतीत ही चूक ४० टक्क्यांच्या घरात निघाली. समजा खरे मृत्यू १००, त्यातले ४० दुसऱ्या रकान्यात गेले, तर आदिवासींचा वरचा आकडा थेट ६० वर येतो. पण ते ४० ज्या मोठ्या गटात गेले तिथे आधीच १०,००० असतील तर तिकडे वाढ ०.४ टक्के, कुणाला कळणारही नाही. लहान गटाची चूक मोठ्या गटात अशी बेमालूम जिरते.

पोलिसांच्या नोंदींचं तर विचारूच नका. सिएटल पोलिसांनी अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटला सांगितलं की जुन्या नोंदींत वंशापुढे लिहिलेला 'एन' म्हणजे नेटिव्ह (आदिवासी) नाही, निग्रो (काळे लोक). आणि काही शहरांनी 'इंडियन' म्हणून ज्या याद्या पाठवल्या त्यात सिंग आडनावाची माणसं निघाली, म्हणजे आपल्याकडची!

मग दुरुस्ती कशी करायची? हा माझा सगळ्यात आवडता भाग. दोन याद्या घ्यायच्या, एक मृत्यूच्या दाखल्यांची, दुसरी आदिवासींसाठीच्या सरकारी दवाखान्यांत नाव नोंदवलेल्यांची, आणि तीच व्यक्ती दोन्हींत आहे का ते शोधायचं. स्पेलिंग तर दोन्हीकडे वेगळं असणारच, आपल्याकडे रेशन कार्ड आणि आधारवर असतं तसं. यावर फेलेगी आणि संटर या कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या दोघांनी १९६९ मध्ये जो हिशोब मांडला तो अजून वापरतात. प्रत्येक रकाना जुळला की गुण द्यायचे, पण सगळ्यांना सारखे नाही. दोन्हीकडे 'पाटील' जुळलं तर त्यात विशेष काय, पण 'दामगुडे' जुळलं तर कान टवकारतात ना, तसंच. खऱ्या जोडीत आडनाव १०० पैकी ९५ वेळा जुळतं असं धरा. पाटील १०० त ५ असतील तर योगायोगानं जुळायची शक्यता ०.०५, मग ०.९५ भागिले ०.०५, भागाकार १९. दामगुडे १०,००० त एक असेल तर भागाकार ९,५००. आता हे भागाकार रकान्यामागून रकाना गुणत बसण्यापेक्षा त्यांचा २ पायाचा लॉगॅरिदम घेतला की नुसती बेरीज होते, पाटीलला साधारण ४ गुण, दामगुडेला १३, जन्माचा दिवस-महिना जुळला तर ८, बाई-पुरुष जुळलं तर जेमतेम १, आणि आडनाव नाही जुळलं तर उलट साधारण सव्वाचार वजा. बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की जोडी पक्की, फार खाली असली की सोडून द्यायची, मधल्या जोड्या माणसानं डोळ्यांनी तपासायच्या. अशा जोडण्यांतून दाखल्यावर 'गोरी' लिहिलेली बाई पुन्हा आपल्या लोकांत मोजली जाते.

हल्ली दर दोन दिवसांनी कुणीतरी सांगतं की एआय आता बेपत्ता माणसं शोधून देईल. अहो, जो रकाना भरलाच नाही त्यातून ते शिकणार काय? रिकामा रकाना त्याला 'इथे काही घडलं नाही' असाच दिसणार.

आणि माझ्या लाडक्या पद्धतीचीही हद्द आहे. दवाखान्याच्या यादीत नाव असेल तरच जोडी लागते, आणि अमेरिकेतले सुमारे ७१ टक्के आदिवासी शहरांत राहतात, त्यातल्या अनेकींचं तिथे नावच नाही. म्हणून २०१८ च्या त्याच अहवालासाठी, तेव्हा अबिगेल एको-हॉक संचालक असलेल्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटनं ७१ शहरांच्या पोलिसांकडे माहिती मागितली, शिवाय जुन्या बातम्या, सोशल मीडिया चाळला, घरच्यांशी, वस्तीतल्या लोकांशी बोलून एकेक नाव लिहून काढलं. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या बायका-मुलींची ५०६ प्रकरणं जमली. त्यातल्या तीन चतुर्थांश ठिकाणी ती कुठल्या जमातीची हेच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यात लहान बाळ एक वर्षाच्या आतलं, सगळ्यात मोठी बाई ८३ वर्षांची. आणि या ५०६ पैकी १५३ जणी अशा होत्या की त्यांची पोलिसांच्या कागदावर कुठेच नोंद नव्हती, फक्त घरच्यांना आणि वस्तीला माहीत होत्या.