क्षारपड रानात हरभऱ्याला गाठी का धरत नाहीत?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

"बियाण्याला रायझोबियम चोळलं, तरी मुळाला गाठी नाहीत," ही तक्रार दर रब्बीत कृष्णा-वारणाकाठच्या गावांतून आमच्याकडे येते. रायझोबियम म्हणजे मुळावर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू. त्यांच्या पुडीची मुदत संपली असेल, तर ती जरूर परत आणा. पण ऊस मोडलेल्या ज्या रानात वरंब्यावर क्षारांचं पांढरं फुटतं, तिथे दुसरी पुडी घेऊ नका. पैसे वाया जातील.

खारेपणा जिवाणू बऱ्यापैकी सोसतात, हरभरा सोसत नाही. जिवाणू मुळाच्या बारीक केसाला चिकटतो, केस वाकतो आणि त्यातून वाट काढत जिवाणू आत शिरतो. मग गाठ बनते. क्षार जास्त असले की केसच कमी येतात, आलेले नीट वाकत नाहीत. जिवाणू दाराशी येऊनही बाहेरच राहतात, मग पुड्या दोन असोत की चार.

गाठी धरल्यानंतर क्षार वाढले, तर गाठी दिसतात पण नत्र फारसं देत नाहीत. मुळाला पाणी ओढणं जड जातं, पानांतून गाठींना साखर कमी पोचते, आणि गाठीला गुलाबी रंग देणारं लेगहिमोग्लोबिन घटतं.

हे घरी तपासता येतं. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी चार-पाच रोपं कुदळीने मातीच्या ढेकळासह काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. ढेकूळ पाण्यात विरघळवून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू; हिरवट किंवा करडी असेल तर बंद.

पीक पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया फेकण्याची सवय मात्र सोडा. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड उरल्यासुरल्या गाठीही पोसत नाही.

माती तपासून घ्या. सामू (पीएच) आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती ते) दोन्ही पाहा. ईसी 4 डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर म्हणजे क्षारयुक्त, हे माप संपृक्त अर्काचं, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचं आहे. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन काढलेला ईसी त्याच जमिनीत बराच कमी येतो, तेव्हा "आमचा तर दोनच आहे" म्हणून निश्चिंत होऊ नका. पद्धत कोणती ते प्रयोगशाळेला विचारा. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम) 15 टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. जिप्सम तिथे लागतं. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला जिप्समचा उपयोग नाही. तिला चर किंवा सच्छिद्र पाईपचा निचरा हवा आणि वरून गोडं पाणी. विहिरीचं मचूळ पाणी देऊन क्षार धुतले जात नाहीत.

तोवर त्या तुकड्यात पावसाळ्यात ढैंचा हे हिरवळीचं पीक पेरा. खाऱ्या मातीतही त्याला गाठी चांगल्या धरतात. फुलावर येण्याआधी, साधारण दीड महिन्याने, गाडून टाका.

रान चांगलं असेल तर 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमची एक पुडी पुरते. बुरशीनाशक आधी चोळा, रायझोबियम शेवटी, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरा. पुडीवर हरभऱ्याचं नाव पाहूनच घ्या. सोयाबीनची पुडी हरभऱ्याला चालत नाही.