शिंगराचा आहार

शिंगराचा आहार : घोड्याच्या वा तट्टाच्या पिलाला जन्मापासून साधारणपणे तीन वर्षांपर्यंत द्यावयाचे दूध, वैरण व चंदी (दाण्याचा रोजचा शिधा) यांची योजना. खांद्याशी सु. १४७ सेंमी.पर्यंत उंचीच्या घोड्यास तट्टू म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील धनगरांच्या कळपांबरोबर फिरणारे भीमथडी तट्टू हे त्याचे परिचित उदाहरण होय.

शिंगराच्या चंदीचा सविस्तर प्राचीन तपशील कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या (राजाच्या घोड्यांवरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणात मिळतो. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असून मौर्यकाळापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत तो मागेपुढे नेला जातो. व्यायल्यावर घोडीला तीन रात्री प्रस्थभर तूप (प्रस्थ हे प्राचीन माप; कुडुब त्याचा चौथा भाग). दहा रात्रींनंतर शिंगराला चौथाई तूप घातलेले कुडुबभर सातूचे पीठ आणि प्रस्थभर दूध, तेही सहा महिन्यांपर्यंत. पुढे तीन वर्षांपर्यंत प्रस्थभर जव ‘दर महिन्यास अर्ध्याने वाढवीत’ द्यावे आणि चौथ्या वर्षी द्रोणभर द्यावे, असे विधान आहे. ‘अर्ध्याने’ याचे दोन अर्थ संभवतात : दरमहा अर्धा प्रस्थ, किंवा आधीच्या मापाच्या निम्म्याने. दुसरा अर्थ घेतला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या तीस महिन्यांत माप लाखभर प्रस्थांच्या पुढे जाते. पहिल्या अर्थाने मात्र एक प्रस्थ अधिक पंधरा, म्हणजे सोळा प्रस्थ होतात, आणि सोळा प्रस्थांचाच एक द्रोण. हिशोब इतका चोख जुळतो की पहिला अर्थच ग्राह्य वाटतो. प्रस्थाचे आजचे माप मात्र अभ्यासक एकसारखे देत नाहीत.

मराठाकालीन साधनांत दाणा-वैरणीचे उल्लेख पुष्कळ असले, तरी ते चाकरीच्या घोड्यांबद्दल आहेत. चिपळूणकडील लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या पत्रात (१६७३ किंवा १६७४, तारखेविषयी मतभेद आहेत) पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आधीच उधळली तर घोडी उपाशी मरतील, असा इशारा आहे. शिंगरांचा त्यात वेगळा विचार नाही. दक्षिणेत चंदी कुळथाची व उत्तरेत हरभऱ्याची, ही जुनी विभागणी स्थूलमानानेच घ्यावी. कुळीथ शिजवून व हरभरा भिजवून देण्याची रीत आहे. कच्च्या कुळथातील प्रथिनपचनास अडथळा करणारी द्रव्ये शिजवल्याने बरीच निष्प्रभ होतात.

घोडीच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) मिळत नाहीत, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत चीक पोटात जाणे अत्यावश्यक असते. एका दिवसानंतर आतड्यातून प्रतिपिंडे शोषली जाणे जवळजवळ थांबते. पहिल्या काही आठवड्यांत शिंगरू आईची लीद खाते. त्यात विकृती काही नाही. वैरण पचविणारे सूक्ष्मजीव त्याला त्या वाटेनेही मिळतात. व्यायल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी घोडीचे दूध ओसरू लागते. तेव्हापासून पिलाला दाण्याची सवय लावतात : आडव्या बांबूखालून शिंगरू शिरेल पण आई शिरणार नाही अशी जागा करून आत मूठभर भरड ठेवली जाते. दूध चार ते सहा महिन्यांनी तोडतात. या वयात चंदीत १४ ते १६ टक्के प्रथिने असावीत.

हाडांच्या वाढीत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे परस्परप्रमाण निर्णायक ठरते. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी असता कामा नये. दीडपट ते दुप्पट असल्यास उत्तम. गव्हाच्या कोंड्यात हे प्रमाण उलटे असते : एक किलो कोंड्यात फॉस्फरस सु. ११ ग्रॅम, तर कॅल्शियम दीड ग्रॅमही नसते. केवळ कोंड्यावर वाढविलेल्या जनावराचे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते. लंगडणे सुरू होते, जबड्याची हाडे फुगून चेहरा रुंद दिसू लागतो. पीठगिरण्यांच्या घोड्यांत हा विकार पूर्वी नेहमीचा होता. वाळलेल्या लसूणघासाच्या किलोमागे सु. १३ ग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणजे कोंड्याइतकाच लसूणघास दिला तर जेमतेम बरोबरी होते. भाताचा पेंढा व हत्तीगवत यांतील ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते, हे घाटमाथ्यावर व कोकणात विशेष लक्षात घ्यावे लागते.

तट्टाचे शिंगरू थोड्या चाऱ्यावर पोसले जाते, त्यामुळे मोठ्या घोड्याच्या मापाची चंदी त्याला जड होते. अतिपोषणाने वाढ झपाट्याने होऊन सांध्यांचे विकार जडतात. पुढे चरबी साठून खुरांचा दाहही उद्भवू शकतो. उलट सुटलेले पोट नेहमी धष्टपुष्टतेचे लक्षण नसते, ते जंतांमुळेही असते. पारख बरगड्यांवरून करावी : त्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळहात फिरवताच जाणवाव्यात. सहा महिन्यांचे शिंगरू पूर्ण उंचीच्या ८० टक्क्यांहून अधिक भरते, वजन मात्र निम्म्याच्या आतच असते. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील वाढीची कूर्चा दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मिटते (तिचे हाड होऊन वाढ थांबते), मणक्यांतील त्यानंतर. अर्थशास्त्रात काम सांगण्याचे वय चार ते पाच वर्षे दिले आहे.