रबराला पाने तीन

भाच्याने परवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. काळ्या पिशवीत हातभर उंचीचं रोप, तेल पुसल्यासारखी चकाकणारी जाड पानं आणि शेंड्याला मिरचीसारखा लाल टोकदार कोंब. खाली लिहिलं होतं, "मामा, रबराचं रोप हाये. एकाले दीडशे मांगते तो मानूस. पाच वर्सांनी चीक तेच लोक इकत घेतीन म्हंते. धुऱ्यावर शंभर लावू का?"

मी विचारलं, "पानं एकेकटी हायेत का तीन-तीन?"

"एकेकच हायेत. पन पान मोडलं का पांढरं दूध निंगते. मी सोता पायलं."

दूध निघालं हे खरं. त्या झाडाला रबराचं झाड म्हणतात हेही खरं. एके काळी त्याच्यापासून रबर काढून विलायतेला जात होतं, तेही खरं. तरी त्याच्या ट्रॅक्टरचा टायर काही या झाडातून आलेला नाही, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शंभर लावले तर पाच वर्षांनी हाती सावलीशिवाय काही लागणार नाही. घोटाळा सगळा नावाचा आहे. दोन वेगळ्या झाडांना आपण एकच नाव देऊन बसलो आहोत.

नर्सरीत मिळतं ते फायकस इलास्टिका. वड, पिंपळ, उंबर यांच्या गोतावळ्यातलं, म्हणून इथे त्याला रबरवड म्हणू. हे आसाम, मेघालय, म्यानमारकडचं जंगली झाड. मेघालयातले मुळांचे जिवंत पूल फोटोत सगळ्यांनी पाहिलेत, ती मुळं याचीच. टायरात जातं ते हेविया ब्राझिलिएन्सिस, मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं आणि एरंडाच्या कुळातलं. म्हणजे आपल्या मोगली एरंडाचं, चंद्रज्योतीचं भाऊबंद. (चंद्रज्योतीचं नाव काढलं की आमच्याकडची जुनी माणसं अजून हसतात. वीसेक वर्षांपूर्वी यातून डिझेल निघणार म्हणून धुरेच्या धुरे लावले होते. आज ती झाडं कुंपणाला बरी पडतात, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून.)

ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. पळसाला पाने तीन, तशी हेवियालाही तीन: एका लांब देठाच्या टोकाला तीन पातळ पानं. रबरवडाचं पान एकटं, वीतभर, जाड, आणि नवं पान लाल आवरणात गुंडाळून बाहेर येतं. हेवियाचं फळ एरंडासारखं तीन कप्प्यांचं असतं. वाळलं की फटकन फुटतं आणि बिया लांब उडतात. बियाही एरंडीसारख्या ठिपक्यांच्या, फक्त मोठ्या. रबरवडाला उंबरासारखी बारकी फळं, आणि नर्सरीवाले त्याची रोपं करतात ती फांद्यांपासून.

आता चिकाचं. चीक निघतो म्हणजे रबर निघतं असं नाही. रुईला चीक आहे, वडाला आहे, निवडुंगाला आहे. रबराचा अंश असलेली झाडं जगात दोन हजारांवर निघतील. कोणत्या झाडाचा चीक रोज काढता येतो आणि तरी झाड जगतं, खरा प्रश्न तो आहे. या एका प्रश्नावर रबरवड हरला.

हरण्याआधी त्याचाही काळ होता. १८१० च्या सुमारास सिल्हेटकडून (आता बांगलादेशात) विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे मधाने भरलेली वेताची टोपली आली. वेताच्या टोपलीत मध, आणि थेंब गळेना! आतून पुसून पाहिलं तर एका झाडाच्या चिकाचा लेप दिलेला होता. तिकडच्या लोकांना ही युक्ती आधीपासून माहीत होती, कागदावर नोंद मात्र तेव्हा झाली. पुढे आसामच्या जंगलातून हे रबर कलकत्त्यामार्गे जाऊ लागलं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली होती. तोपर्यंत उन्हात चिकट आणि थंडीत कडक होणारी ही वस्तू एकदम कारखान्याच्या कामाची झाली होती. मागणी वाढली तशी जंगलातली झाडं मुळांपासून शेंड्यापर्यंत चिरली गेली आणि मरू लागली. मग १८७० च्या दशकात वनखात्याने तेजपूरजवळ चारद्वारला रबरवडाची लागवड केली. म्हणजे भाच्याच्या डोक्यातली कल्पना सरकारने दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलेली आहे.

त्याच दशकात दुसरं झाड बोटीत चढलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून हेवियाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यातल्या तीन हजारही उगवल्या नाहीत. उगवलेली बहुतेक रोपं श्रीलंकेत गेली, काही सिंगापूरला पोचली. आशियातल्या रबराच्या बागांचं मूळ बव्हंशी या मूठभर रोपांत आहे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडले वर्षानुवर्षं मळेवाल्यांच्या मागे लागले की हे लावा. लोक त्यांना वेडा रिडले म्हणत. त्यांनी झाड न मारता साल कापायची रीत बसवली, आणि एक नवलाची गोष्ट पाहिली: हेवियाची तीच जखम एक-दोन दिवसांनी पुन्हा ताजी केली की चीक कमी न होता वाढतो.

का वाढतो, ते आपल्या विहिरीवरून समजतं. विहीर उपसली की झरे मोकळे होतात. हेवियाच्या सालीत चिकाच्या नळ्या असतात त्या पेशी एकमेकींना जोडून झालेल्या, आणि शेजारच्या नळ्यांशीही जोडलेल्या, ठिबकच्या शेतभर पसरलेल्या जाळ्यासारख्या. एका जागी कापलं की आजूबाजूच्या सालीतला चीक तिकडे धावतो. शिवाय झाड जाडीला वाढताना सालीत अशा नळ्यांचे नवे थर बनत राहतात. रबरवडाचं तसं नाही. त्याच्या नळ्या रोप बीजात असतानाच तयार झालेल्या एकेका लांब पेशीच्या असतात. झाडाबरोबर त्या वाढतात, फाटे फोडतात, पण एकमेकींना मिळत नाहीत. कापलं तेवढी नळी गळते. तो रांजण आहे, रिकामा झाला की भरायची वाट पाहा. त्यात त्याच्या रबरात राळही जास्त, म्हणजे माल चिकट आणि भाव कमी.

मी हे घरच्या कुंडीवर करून पाहिलं आहे. खोडाला ब्लेडने टिचभर चीर दिली, दहा-बारा थेंब आले, बोटांत चोळल्यावर खरंच ताणली जाणारी दोरी झाली. दुसऱ्या दिवशी तीच चीर खरवडली तर दोन थेंब. तिसऱ्या दिवशी बायकोने कुंडी जागेवरून हलवली.

हेवियाची कापणी मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला पाहिली. केरळहून येऊन तिथे बागा केलेली माणसं आहेत. पहाटेचे पाच, कपाळाला बॅटरी. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, कारण झाडात पाण्याचा दाब पहाटे जास्त असतो आणि चीक चांगला वाहतो. कापणारा आधी कालपरवाच्या चिरेवर सुकलेली रबराची पट्टी ओढून काढतो आणि पिशवीत टाकतो. तीही विकली जाते. मग वाकड्या पात्याच्या सुरीने अर्ध्या खोडाला तिरपी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीची साल सोलतो. तेवढीच. साल आणि लाकूड यांच्यामधल्या कोवळ्या थराला सुरी लागली तर त्या जागी गाठ येते आणि ती जागा पुढे कापायला कामाची राहत नाही. दूध तिरप्या चिरेतून ओघळून पत्र्याच्या छोट्या पन्हळीवरून वाटीत पडतं. त्या माणसाने शेजारच्या झाडाकडे जाईपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सकाळभरात तीन-चारशे झाडं उरकायची असतात.

चिकात रबर असतं तिसरा हिस्सा, फार तर थोडं जास्त. उरलेलं बहुतेक पाणी. पाणी मिसळून, तव्यात ओतून त्यात फॉर्मिक आम्ल घालतात. दुधात लिंबू पिळल्यासारखा गोळा बसतो. दुसऱ्या दिवशी तो रुळांतून काढून पत्रे करतात आणि धुराच्या खोलीत टांगतात. वाळलेला पत्रा आंबापोळीच्या रंगाचा होतो. त्याला आरएसएस (रिब्ड स्मोक्ड शीट, म्हणजे धुरी दिलेला रेघांचा पत्रा) म्हणतात, प्रतीनुसार एक ते पाच, आणि भारतात भाव बोलला जातो तो बहुधा आरएसएस-४ चा. हातमोजे, फुगे यांना मात्र पत्रा चालत नाही. त्यासाठी चीक यंत्रात फिरवून साठ टक्क्यांपर्यंत घट्ट करतात.

हा सगळा खटाटोप सुरू व्हायलाच सहा-सात वर्षं लागतात. जमिनीपासून सव्वाशे सेंटिमीटरवर खोडाचा घेर पन्नास सेंटिमीटर झाल्याशिवाय सुरी लावत नाहीत. "पाच वर्सांनी" हे ऐकूनच मला तो माणूस खटकला होता.

धंद्याचा पसारा जगभर आहे, पण पिकवणारा बहुतेक आपल्यासारखाच. वर्षाला सुमारे १४० लाख टन नैसर्गिक रबर निघतं, त्यातला सगळ्यात मोठा वाटा थायलंडचा, मग इंडोनेशियाचा, पाठोपाठ आयव्हरी कोस्ट आणि व्हिएतनाम. ते येतं बव्हंशी दोन-चार एकरवाल्यांकडून. त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास टायरात जातं. भारतात साडेआठ लाख टनांच्या आसपास पिकतं आणि चौदा लाख टनांच्या आसपास लागतं, उरलेलं बाहेरून येतं. केरळ पहिला, त्रिपुरा दुसरा. मजा म्हणजे ज्या ब्राझीलमधून झाड आलं तो देश आज या यादीत फार मागे आहे. तिथे ॲमेझॉनच्या दमट पट्ट्यात पानांवर पडणारी एक बुरशी दाट लागवड टिकूच देत नाही. मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२८ पासून तिथल्या तापाजोस नदीकाठी लागवड करून पाहिली आणि शेवटी ती सोडून दिली.

भाव ऐकले तर कापूसवाल्याला परकं वाटणार नाही. २०११ मध्ये रबर किलोला दोनशेच्या वर गेलं होतं, त्याच हंगामात आपला कापूसही कधी नव्हे तो चढला होता. २०१६ च्या सुरुवातीला रबर शंभराच्या आत आलं. भाव ठरतो बँकॉक, सिंगापूर, शांघायला. वर कच्च्या तेलाचं गणित, कारण तेलापासून केलेलं कृत्रिम रबर शेजारी उभंच असतं. १९४२ मध्ये रबराच्या बागांचं मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) जपानच्या हाती गेलं, तेव्हा अमेरिकेने घाईघाईने ते मोठ्या प्रमाणात बनवायला घेतलं. सायकलीची ट्यूब आज बहुधा कृत्रिम असते, विमानाच्या टायरात जवळपास सगळं झाडाचं. कापसाला निदान कागदावर हमीभाव तरी आहे, रबराला तोही नाही. केरळ सरकार २०१५ पासून ठरलेल्या भावापर्यंतचा फरक भरून देतं, तेही केरळपुरतं.

"मंग खरं तीन पानाचंच आनलं तं?" भाच्याचा पुढचा प्रश्न होता.

ते झाड मागतं दोन हजार मिलिमीटर पाऊस, वर्षभर पसरलेला, आणि दमट हवा. आपल्याकडे यवतमाळला हजाराच्या आसपास, तोही चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. पालघर जिल्ह्यात दापचरीला रबर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. हे झाड कोरड्या उन्हाळ्यात काय करतं तेच तिथे पाहतात. पाऊस तिथे आपल्या दुपटीहून जास्त, तरी उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं. ज्या विहिरीवर हरभरा निघत नाही तिच्यावर सात वर्षं रबर जगवणार कोण?

नमुन्याची म्हणून दोन रोपं त्याने आधीच घेतली होती, तीनशे रुपये गेले. एक त्याने शाळेच्या आवारात लावलं. दुसरं विहिरीजवळ लावतो म्हणाला, तेव्हा मी पुन्हा फोन केला. वडाचं भाऊबंद आहे ते, मुळं बांधकामात शिरतात, जुन्या विहिरीची दगडी बांधणी उचकटून टाकतील. गोठ्यापासून आणि विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब ठेव, नाहीतर कुंडीतच राहू दे.

"कुंडीत ठेवतो," म्हणाला. "पन त्या मानसानं गावात अजून सात जनाले देल्ले, त्याईले कोन सांगन?"

फोटो सगळ्यांना पाठव, म्हटलं. एक पळसाचा, एक त्या रोपाचा.