मधुमेह स्वव्यवस्थापन शिक्षण, डिजिटल

साखर तपासणे, आहार, व्यायाम, गोळ्या-इन्शुलिन, पायांची निगा ही रोजची काळजी आपल्याला स्वतः घेता येईल, असा विश्वास मधुमेही व्यक्तीत निर्माण व्हावा यासाठी मोबाईलवरील संदेश, चित्रफिती, अ‍ॅप इत्यादींद्वारे दिले जाणारे शिक्षण.

याचा उगम कोठे मानावा याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो बॉस्टनचे वैद्य एलियट जॉस्लिन यांच्या रुग्णांसाठीच्या पुस्तिकेपर्यंत (१९१८) मागे नेतात. मात्र ती पुस्तिका इन्शुलिनपूर्व काळातील असून तिचा भर मुख्यतः पथ्य व शिस्त यांवर होता. विश्वासाला स्वतंत्र घटक मानणारी मांडणी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये केली. प्रस्तुत अर्थाने आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. बँडुरांच्या मते या विश्वासाचे स्रोत चार : स्वतः करून आलेले यश, आपल्यासारख्याच माणसाला जमलेले पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाच्या अवस्थेचा लावलेला अर्थ. यांपैकी पहिला सर्वांत प्रभावी. निव्वळ संदेश बहुधा तिसऱ्यापाशीच थांबतात. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलेला आकडा त्यांहून अधिक पटवतो. चौथ्या स्रोताकडे दुर्लक्ष होते. घाम, थरथर, धडधड ही घाबरल्याची लक्षणे समजली जातात, पण साखर ७० मिग्रॅ./डेसिलि.च्या खाली उतरल्याचीही असू शकतात. अशा वेळी शुद्धीवरील व्यक्तीने सु. १५ ग्रॅ. साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे आधी करून पाहिलेल्याला भीती कमी वाटते.

भारतात केंद्र शासनाने २०१६ मध्ये मिस्ड कॉलद्वारे नोंदणीची ‘एमडायबेटिस’ संदेशसेवा सुरू केली.

कऱ्हाड व मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी सातारा-सांगलीतील रुग्णाचे खरे प्रश्न घरचे असतात. ऊसपट्ट्यात गूळ साखरेपेक्षा निरुपद्रवी मानला जातो. रक्तशर्करा तोही वाढवतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याबाबत असा गैरसमज कोणी करून घेत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. चपातीऐवजी भाकरी खाल्ली तरी किती, हे सांगावेच लागते. माण, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत उन्हाळ्यात फ्रिजविना इन्शुलिन ठेवणे हा स्वतंत्र धडा व्हावा. शिवाय स्मार्टफोन पुष्कळदा नातवाच्या हाती असल्याने आजीसाठीची चित्रफीत तोच पाहतो. अशा घरी आशा सेविकेने ती सोबत बसून दाखवणे इष्ट.

परिणाम मोजताना एचबीए१सी (सु. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक) आणि विश्वासविषयक प्रश्नावली अशी दोन्ही साधने वापरतात. दोहोंतील सुधारणा एकाच वेळी दिसेलच असे नाही.