मध्ययुगीन इंग्रजी साहित्यातील व्यवसाय आणि सामाजिक वर्ग

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये समाजाचे तीन थर मानले जात: प्रार्थना करणारे धर्मगुरू, लढणारे सरदार आणि राबणारे कष्टकरी. ही उतरंड ईश्वराने घालून दिलेली आहे, अशी शिकवण होती. चौदाव्या शतकात मात्र व्यापारी, वकील, वैद्य, कारागीर यांना तिच्यात कुठे बसवायचे हेच कळेनासे झाले. १३४८–४९ च्या प्लेगनंतर मजूर दुर्मिळ झाले, जास्त मजुरी मागू लागले आणि ती रोखायला १३५१ मध्ये कायदा करावा लागला.

या उलथापालथीचे सर्वांत जिवंत चित्र जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये, म्हणजे कँटरबरीला निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या गोष्टींच्या संग्रहात आहे. चॉसर लंडनच्या मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. १३७४ पासून तो बंदरात लोकरीच्या जकातीवर देखरेख करी. कोणाच्या अंगावर काय आहे आणि ते कितीचे, हे त्याला नेमके दिसते. त्याच्या यात्रेकरूंत एकाच संघाचा गणवेश घातलेले सुतार, विणकर, रंगारी असे पाच व्यावसायिक आहेत. त्यांच्या सुऱ्या चांदीने मढवलेल्या आहेत, आणि त्यांच्या बायकांना ‘मादाम’ म्हणवून घेणे आवडते. १३६३ च्या पोशाखविषयक कायद्याने (तो लवकरच रद्द झाला) कारागिरांना चांदी वापरायची बंदी केली होती, हे माहीत असले की या एका तपशिलाची धार कळते.

गोष्टींचा क्रमही असाच बिघडतो. पहिली गोष्ट सरदाराची. मग मान मठवासी साधूचा. पण तिप्पट दळणावळ उकळणारा गिरणीवाला दारूच्या नशेत मध्येच घुसतो आणि एका सुताराची फजिती रंगवतो. जहागिरीचा कारभारी मूळचा सुतार. तो लगेच गिरणीवाल्याची अब्रू काढून उट्टे फेडतो. शेजाऱ्यासाठी फुकट राबणाऱ्या सज्जन नांगऱ्याला मात्र चॉसरने एकही गोष्ट दिलेली नाही. ही उणीव खटकते.

त्याच काळातील विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ (नांगऱ्या पिअर्स) या काव्यात मात्र नांगऱ्याच सत्याची वाट दाखवतो. १३८१ च्या शेतकरी बंडात जॉन बॉल या बंडखोर धर्मगुरूच्या पत्रांत पिअर्सचेच नाव आले.

यॉर्क शहराच्या धार्मिक नाटकांत प्रवेशांची वाटणी गिल्डांमध्ये (व्यावसायिकांच्या संघांमध्ये) होई: नोहाची नौका जहाजबांधणी करणाऱ्यांकडे, ख्रिस्ताला क्रुसावर खिळण्याचा प्रवेश खिळे करणाऱ्यांकडे. या दुसऱ्या प्रवेशात क्रुसाची भोके चुकीच्या जागी पडली म्हणून शिपाई कुरकुरतात आणि दोऱ्यांनी हातपाय ताणून काम उरकतात.