नाझ्काच्या रेषा, हायवे आणि २०२५ मध्ये कापलेला नकाशा

पेरूच्या किनाऱ्याने जुनी ठिकाणं बघत निघालेले लोक लिमाहून एकतर खाली, वाळवंटात जमिनीवर आखलेल्या प्रचंड चित्रांच्या नाझ्काकडे जातात नाहीतर वर त्रुहियो-चिक्लायोकडे, आणि दोन्हीकडे रस्ता एकच, पॅन-अमेरिकन हायवे. इथे हम्बोल्ट या थंड समुद्रप्रवाहामुळे धुकं येतं पण पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून मातीच्या भिंतीसुद्धा शेकडो वर्षं टिकल्या, आणि एल निनोच्या, म्हणजे समुद्र तापून जोराचा पाऊस येतो त्या साली त्याच भिंती विरघळायला लागतात. त्रुहियोजवळचं मातीचं जुनं शहर चान चान १९८६ ला जागतिक वारसा यादीत आलं तेच धोक्यातल्या यादीत नाव घालून.

ठिकाणं कितीही जुनी असली तरी हा प्रवासाचा मार्ग तसा अलीकडचाच आहे. कराल या प्राचीन शहराचं वय साडेचार हजार वर्षांच्या पुढे जातं हे २००१ मध्ये कार्बन चाचणीचे आकडे आल्यावर जगाला कळलं. सिपानच्या थडग्यांपर्यंत १९८७ ला आधी चोर पोचले, मग संशोधक.

नाझ्काची गोष्ट मात्र हायवेपासूनच सुरू करावी लागते. १९३० च्या दशकात रस्ता टाकला तो सरळ सरड्याच्या चित्रावरनं गेला, धड एकीकडे शेपूट एकीकडे. रस्तेवाल्यांना शिव्या घालणं सोपंय, पण जमिनीवर उभं राहून तिथे सरडा आहे हे कुणालाही दिसलं नसतं. पुढे ७० च्या दशकात त्याच हायवेच्या कडेला लोखंडी मनोरा उभा राहिला आणि आता बसमधनं उतरून लोक त्यावर चढतात, हात आणि झाड बघतात आणि तो तुटका सरडाही.

या जमिनीवर वरचे काळपट दगड बाजूला केले की खालची फिकट माती उघडी पडते, रेषा म्हणजे एवढंच. पण त्यामुळेच टायरचा माग पण तसाच राहतो. २०१४ ला एका पर्यावरणवादी संघटनेची माणसं हमिंगबर्ड पक्ष्याच्या चित्राजवळ अक्षरं मांडायला गेली आणि पाऊलखुणा ठेवून आली, २०१८ ला एक ट्रकवाला रस्ता सोडून आत घुसला. दोन्ही वेळा जगभर बोंबाबोंब झाली.

खरा वाद मात्र २०२५ चा. मे महिन्याच्या शेवटी सरकारी खात्याने संरक्षित क्षेत्र सुमारे ५,६०० चौरस किलोमीटरवरनं ३,२०० वर आणलं, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त कापलं. कारण दिलं की वीसेक वर्षांच्या अभ्यासातनं खरे अवशेष कुठे आहेत हे नीट कळलंय, तेव्हा हद्द तेवढीच पुरे. ऐकायला बरोबर वाटतं, आणि आधीची, २००४ ची हद्द जरा सैल हातानेच आखली होती असं मानायलाही हरकत नाही. पण बाहेर काढलेल्या भागात सोन्या-तांब्याच्या अनौपचारिक खाणी आधीच चालू होत्या आणि त्यांना कायद्यात बसवायची खटपट त्याच सुमारास जोरात होती, त्यामुळे हा सगळा निव्वळ पुरातत्त्वाचा हिशोब होता हे पटायला जड जातं.

दुसरं म्हणजे "अभ्यास झालाय" हे म्हणणंच कच्चं आहे. वर्षभरही झालं नव्हतं, सप्टेंबर २०२४ मध्ये एआय वापरून ३०३ नवीन आकृत्या सापडल्याचं जाहीर झालं होतं, आधी माहीत असलेल्या चित्रांचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. यातल्या बऱ्याच आकृत्या छोट्या, जुन्या पायवाटांच्या कडेच्या, विमानातनं सहज न दिसणाऱ्या. मग रिकामा ठरवलेला भाग खरंच रिकामा आहे हे कशावरनं?

जूनमध्ये टीका इतकी वाढली की निर्णय मागे घेतला, जुनी हद्द परत लागू झाली आणि नव्याने ठरवायला समिती नेमायचं जाहीर झालं. खाणवाल्यांच्या तात्पुरत्या परवान्यांना मुदतवाढ मिळायचं मात्र त्यानंतरही थांबलं नाही. मनोऱ्यावर चढणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण वादातल्या जमिनीकडे टुरिस्टची बस जातच नाही.